डब्यातलं बिऱ्हाड

मराठीत घराला शब्द पुष्कळ आहेत, पण उचलून दुसरीकडं नेता येतं त्या घराला एकच खरा शब्द आहे, बिऱ्हाड. विंचवाचं पाठीवर असतं ते बिऱ्हाड. भाड्याच्या खोलीतल्या माणसाचं बिऱ्हाड, गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीचं बिऱ्हाड. हा शब्द उच्चारला की चूल, पाण्याची कळशी, अंथरुणाची वळकटी आणि ती वळकटी बांधणारी बाई डोळ्यांपुढं येते. डबा हा दुसरा शब्द असाच आपल्या हाताखालचा. जेवणाचा डबा, आगगाडीचा डबा, पिठाचा डबा. जहाजावरून येणाऱ्या भल्यामोठ्या लोखंडी पेटीला जग कंटेनर म्हणतं. आमच्या बेळगावात हायवेला तिची रांग लागली, की पोरं म्हणतात, "बघ, डबे चाललेत."

या डब्याचं बिऱ्हाड कसं झालं, हे मला सांगायचं आहे. मालासाठी केलेल्या पेटीत माणूस राहायला कसा आला आणि कुणाच्या मर्जीनं आला, हा इतिहास वाटतो तितका सरळ नाही. आपण बायकांनी तर तो जरा नीट बघावा असाच आहे.

माझ्या मागं हे काम लागलं ते थोरल्या अक्काच्या नातीमुळं. पोरगी रसायनशास्त्र शिकलेली. तिला वीस फुटी जुना कंटेनर घ्यायचा आहे. अर्ध्यात विहिरी-बोअरचं पाणी तपासायची प्रयोगशाळा, अर्ध्यात स्वतःचं राहणं. खानापूर, चंदगड, चिकोडी, अथणी असा तालुका बदलत फिरायचं, दोन-दोन महिने मुक्काम करायचा, वीज आणि पाणी शक्यतो स्वतःचं. पैसे थोडे तिचे आणि बाकी अक्कानं तिच्या नावावर ठेवलेल्या पाटल्यांचे. तिची आई म्हणाली, "पत्र्याच्या डब्यात एकटी पोर राहणार? आणि त्यासाठी पाटल्या मोडायच्या?" अक्का गप्प बसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तू पुस्तकं वाचतीस न्हवं? वाचून सांग की." मग मी वाचलं.

सुरुवात तारखेनिशी सांगता येते. २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेतल्या न्यूअर्क बंदरातून 'आयडियल एक्स' नावाचं जुनं तेलवाहू जहाज ह्यूस्टनला निघालं. त्याच्या डेकवर ५८ लोखंडी पेट्या होत्या. ही कल्पना रेटणारा माल्कम मॅकलीन दर्यावर्दी नव्हता. तो उत्तर कॅरोलायनातला ट्रकवाला. त्याआधी जहाज भरणं म्हणजे काय होतं, हे मुंबईच्या गोदीत ज्यांचे आजोबा-पणजोबा होते त्यांना सांगायला नको. पोतं पोतं, पिंप पिंप, गठ्ठा गठ्ठा. हातात आकडा, पाठीवर ओझं. जहाज समुद्रावर जितके दिवस चाले, जवळजवळ तितकेच दिवस धक्क्याला लागून राही. मॅकलीनचा हिशेब असा, की ट्रकची पेटीच चाकांवरून उचलून जहाजात ठेवली तर आतला माल कुणी हाताळायलाच नको. सुट्या मालाच्या भरणीला तेव्हा टनामागं ५ डॉलर ८३ सेंट पडत होते. त्या फेरीत ते १६ सेंटांच्याही खाली आले. पुढची सत्तर वर्षं या एका आकड्यामागं धावली आहेत.

पेटीची घडण समजून घेतली, की पुढं घर करताना काय करावं लागतं ते आपोआप कळतं. तिच्या भिंती म्हणजे पन्हळी काढलेला जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा. सगळा भार चार कोपऱ्यांतल्या खांबांवर. वरचे चार आणि खालचे चार मिळून आठ कोपऱ्यांना भोकं असलेले ओतीव ठोकळे बसवलेले असतात. त्या भोकांत खटका फिरवला, की पेटी पेटीला किंवा ट्रकला जखडते. हे ठोकळे आणि खटके ज्यानं घडवले तो कीथ टँटलिंगर नावाचा इंजिनिअर होता. मॅकलीनच्या कंपनीनं पुढं त्यांचे हक्क सगळ्यांसाठी मोकळे केले. साठच्या दशकाच्या शेवटी आंतरराष्ट्रीय मापं ठरली, वीस फूट आणि चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद. आपल्या बायकांनी दळणाच्या डब्याचं माप ठरवून घ्यावं तसं जगानं एक माप मानलं, आणि मग डबा कुठल्याही देशातला असो, कुठल्याही जहाजावर बसू लागला.

माणसं या डब्यात लवकरच शिरली. मॅकलीनच्याही आधीपासून अमेरिकन लष्कराकडं 'कोनेक्स' नावाच्या छोट्या पोलादी पेट्या होत्या. कोरियाच्या लढाईच्या काळात त्या सामान वाहायला निघाल्या. व्हिएतनाममध्ये रिकाम्या झालेल्या पेट्या परत कोण पाठवतो? सैनिकांनी त्यांचीच कोठारं केली, कचेऱ्या केल्या, वर वाळूची पोती रचून आत आसरा घेतला. म्हणजे डब्याचं बिऱ्हाड कुणा कलावंतानं शोधलेलं नाही. निरुपायानं ज्याला ते मिळालं त्यानं ते केलं.

आपल्याकडं डबा आला नोव्हेंबर १९७३ मध्ये, कोचीन बंदरात, 'प्रेसिडेंट टायलर' नावाच्या जहाजातून. १९८१ मध्ये बंगळूरला समुद्राशिवायचं बंदर, म्हणजे कोरडा डेपो सुरू झाला. २६ मे १९८९ ला न्हावा-शेवा बंदर चालू झालं, आणि मुंबईच्या जुन्या गोदीतलं हमालीचं काम ओसरत गेलं. आज इंदुरच्या वाचक मैत्रिणींना पिथमपूरला, ग्वाल्हेरच्यांना मालनपूरला, वडोदऱ्याच्यांना दशरथला आणि हैदराबादच्यांना सनतनगरला हे डबे उतरताना बघायला मिळतील. समुद्र कधी न पाहिलेल्या गावांच्या वेशीवर समुद्राचं सामान येऊन पडलं, ते असं.

न्हावा-शेव्याचं नाव घेतलं की मला दुसरीही एक गोष्ट सांगावीच लागते. नव्या मुंबईसाठी आणि त्या किनाऱ्यावरच्या प्रकल्पांसाठी जमिनी घेताना उरण-पनवेलचे शेतकरी दि. बा. पाटलांच्या पुढारपणाखाली रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याकडं पोलिसांचा गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या गावांतल्या बायका त्या आंदोलनात पुढं होत्या. बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातली कुटुंबं उठवून उरणजवळ वसवली. जागा अपुरी, घरांना वाळवी लागलेली. तात्पुरतं म्हणून दिलेल्या त्या वस्तीत पिढी म्हातारी झाली आणि खऱ्या घराची मागणी चालूच राहिली. डब्याला राहायला जागा झाली, ती कुणाच्या तरी ओटी-परसावर. कंटेनर-घरांची गुळगुळीत छायाचित्रं बघताना मला हे आठवतं. तुम्हालाही आठवावं म्हणून इथं लिहिलं.

डब्यात घर करायचं वेड पश्चिमेत पसरलं त्यामागं व्यापाराचं साधं कारण आहे. चीनकडून भरलेले डबे येत, परत पाठवायला तितका माल नसे. रिकामा डबा परत धाडायला खर्च, म्हणून ते बंदरात साचले आणि स्वस्तात निघाले. नोव्हेंबर १९८७ मध्ये फिलिप क्लार्क नावाच्या अमेरिकनानं कंटेनरची राहण्याजोगी इमारत करायच्या पद्धतीवर पेटंट मागितलं, ते ८ ऑगस्ट १९८९ ला मिळालं. न्हावा-शेवा सुरू झालं त्याच वर्षी! सैनिक, राखणदार, गोदामवाले जे कधीपासून करत होते त्याला कागद मिळाला. मला याचं हसू आलं. उद्या कुणी पापड वाळवायच्या पद्धतीचं पेटंट घेईल.

अक्काच्या नातीला जे करायचं आहे त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा माणूस मला सापडला तो स्टुअर्ट ब्रँड. इमारती काळाबरोबर कशा बदलतात यावर त्याचं पुस्तक १९९४ मध्ये आलं. ते लिहिताना त्यानं एका जुन्या कंटेनरमध्ये स्वतःचं ग्रंथालय आणि अभ्यासिका केली होती. त्यानं थाटमाट केला नाही. पुस्तकांच्या फळ्या, बसायची जागा, उजेड, बस्स. २००१ मध्ये लंडनच्या पूर्वेला ट्रिनिटी बॉय वॉर्फ इथं 'कंटेनर सिटी' उभी राहिली. कारागिरांसाठी तीन मजल्यांत बारा कामाच्या खोल्या, डबे एकावर एक बसवायला चार दिवस. नंतर वर चौथा मजला चढला, त्यात राहणं आणि काम एकत्र असलेली घरं केली. न्यूयॉर्कच्या 'लॉट-एक' या वास्तुरचनाकार जोडीनं २००३ मध्ये फिरत्या घराचाच नमुना केला. चाळीस फुटी डब्याच्या भिंतींतून झोपायचा, कामाचा, स्वयंपाकाचा कप्पा टेबलाच्या खणासारखा बाहेर सरकायचा, आणि निघायची वेळ झाली की सगळे कप्पे आत. डबा पुन्हा डब्यासारखा. कल्पना सुरेख आहे. पण प्रत्येक खणाच्या फटीतून आमच्याकडचा जुलैचा पाऊस आत येणार, हे मला चित्र बघताक्षणी कळलं.

ॲमस्टरडॅममध्ये विद्यार्थ्यांसाठी हजार डब्यांची वस्ती झाली. पाच वर्षांसाठी म्हणून केली, ती त्याहून बरीच जास्त टिकली. ते डबे जुने नव्हते, घर म्हणूनच चीनमध्ये बांधून आणले होते, हे मात्र जाहिरातींत सांगत नाहीत.

मला सगळ्यात पटलेलं काम जपानचं. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत ओनागावा हे किनाऱ्यावरचं गाव वाहून गेलं. डोंगराळ मुलूख, तात्पुरती घरं बांधायला सपाट जागाच नाही. शिगेरू बान या वास्तुरचनाकारानं बेसबॉलच्या मैदानावर वीस फुटी डबे तीन मजल्यांपर्यंत रचले आणि १८९ कुटुंबांची सोय केली. डबे त्यानं बुद्धिबळाच्या पटासारखे, एक डबा एक मोकळी जागा असे लावले. मुलांच्या खोल्या, न्हाणीघर हे डब्यात, आणि घरातल्यांनी एकत्र बसायची जागा दोन डब्यांच्या मधल्या मोकळ्या भागात, काचेमागं, उजेडात. शिवाय घरोघर फळ्या आणि कपाटं करून दिली, कारण सरकारी तात्पुरत्या घरांत सामान ठेवायलाच जागा नसते. हे वाचून मी मनात म्हटलं, या माणसानं कुणातरी बाईला विचारलं असणार.

आता या इतिहासाची दुसरी बाजू सांगते. अक्कापुढं ती मी सांगितली तेव्हा स्वयंपाकघरात कुणी बोललं नाही.

कंटेनरच्या दाराला कडी बाहेरून असते. उभे चार लोखंडी दांडे, त्यांना मुठी, मुठींना शिक्का. आतून उघडायची सोयच नाही, कारण मालाला बाहेर पडायचं नसतं. हवेसाठी वरच्या कडेला काही बारीक झरोके, तेही ओल जाण्यापुरते. जून २००० मध्ये इंग्लंडच्या डोव्हर बंदरात टोमॅटो घेऊन आलेल्या एका ट्रकची बंद पेटी उघडली, तेव्हा खोक्यांमागं चीनमधून चोरवाटेनं आणलेल्या साठ माणसांपैकी ५८ गुदमरून मेलेली सापडली. हवेचा झरोका प्रवासात बंद केला होता. 'आयडियल एक्स'वर पेट्या ५८ होत्या, तो आकडा इथं असा पुन्हा आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये एसेक्समध्ये अशाच एका शीतपेटीत ३९ व्हिएतनामी माणसं गेली, त्यांत मुली होत्या. आफ्रिकेतल्या एरिट्रियात तर लोकांना कैदी म्हणून कंटेनरमध्ये कोंडून ठेवल्याची साक्ष मानवी हक्कांच्या अहवालांत आहे. दिवसा भट्टी, रात्री थंडी.

तेव्हा डब्याचं घर झालं की नाही, हे ठरवायचं माझं माप सोपं आहे. कडी कुणाच्या हातात? आणि हवा, पाणी, उजेड कुणाच्या हातात? भाचीला म्हणजे पोरीच्या आईला जी भीती वाटत होती ती खुळी नव्हती. मालाच्या दाराला हात न लावता, बाजूच्या भिंतीत आतून कडी लागणारं साधं दार, आणि समोरच्या बाजूला माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी. हे दोन्ही असल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही, असं पहिलं ठरलं.

आपल्या भागात फिरतं घर आणि फिरतं काम एकत्र असणाऱ्या बायका काही कमी नाहीत. तमाशाचा फड यात्रेच्या दिवसांत गावोगाव फिरतो. ट्रक आणि राहुट्या हेच घर, तीच रंगायची जागा. धनगरणी घोड्यावर संसार बांधून मेंढरांमागं चालतात. बीडकडून ऊसतोडीला आपल्या कारखान्यांवर येणाऱ्या जोडप्यांच्या कोप्या तुम्ही बघितल्या असतील. चार बांबू, पाचट, वर प्लॅस्टिकचा कागद. आत मूल झोपलेलं. न्हाणीला आडोसा नाही, संडास नाही, दिवा नाही. पहाटे उठून आधी अंधाराचा शोध घ्यायचा, मग कोयत्याचा. पाणी, वीज, आडोसा बरोबर घेऊन फिरणाऱ्या घराची खरी गरज कुणाला आहे असं विचारलं, तर मी या बायकांकडं बोट दाखवीन. शहरात मात्र डबा रंगवून त्यात कॉफी विकतात. कारखान्यांनी हंगामापुरते न्हाणी-संडासाचे चार डबे तळावर आणून ठेवले तर काय बिघडेल? एका ट्रेलरचं काम आहे. हंगाम संपला की उचलायचे.

असो. आता प्रत्यक्ष हिशेबाकडं येते. इथं पोरगी आणि मी वही घेऊन बसलो आणि उद्यमबागेतल्या एका वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनाही बसवून घेतलं.

वीस फुटी डबा आतून साधारण १९ फूट ४ इंच लांब, ७ फूट ८ इंच रुंद आणि ७ फूट १० इंच उंच. म्हणजे दीडशे चौरस फूट, जुन्या चाळीतली दहा बाय पंधराची खोली. अशा खोल्यांत आपल्या सासवांनी सहा-सहा माणसांचा संसार केला, तेव्हा एका पोरीला जागा पुरते. उष्णता रोखायला दोन्ही भिंतींना आतून दोन-दोन इंच अस्तर दिलं, की रुंदी सव्वासात फुटांवर येते. खाट आडवी टाकली तर उशाशी नि पायाशी वीतभर उरते. रिकाम्या डब्याचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास.

जुना डबा घेताना दारावरची लोखंडी पाटी वाचावी. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून सुरक्षेची ही पाटी लावतात. डबा कधी बांधला, किती भार घेतो, आणि फरशीच्या लाकडाला कुठलं औषध मारलं, हे तिच्यावर असतं. फरशीची प्लायवूड कीड लागू नये म्हणून कीटकनाशकात मुरवलेली असते. त्यावर तसंच अंथरूण घालू नये. एकतर ती काढून टाकायची, नाहीतर वर पक्का लेप देऊन दुसरी फरशी घालायची. डब्यात आधी काय वाहिलं होतं तेही विचारायचं, आणि दार लावून आत वास घ्यायचा. दार लावताना बाहेर माणूस उभा ठेवायचा, हे सांगायला नकोच.

मिस्त्रींनी सांगितलेली गोष्ट सोन्यासारखी. "आधी चौकट वेल्ड करायची बाई, मग पत्रा कापायचा." पन्हळी भिंत कापली की तिची ताकद जाते. खिडकीच्या मापाची चौकोनी पाइपची चौकट आधी बसवली नाही, तर क्रेननं उचलताना डबा पिळवटतो. आणखी एक. एकदा खिडकी कापली, की त्या पाटीची हमी संपली. नवी तपासणी झाल्याशिवाय कुठलंही जहाज त्याला माल भरलेला डबा म्हणून घेणार नाही. समुद्राशी त्याचं नातं तुटतं आणि तो जमिनीचा होतो. सासरी नाव बदलावं तसं.

उष्णता हा खरा शत्रू. एप्रिलमधला उघड्यावरचा पत्रा म्हणजे तवा. त्यात थंडीच्या पहाटे आणि पावसाळ्यात उलटंच होतं. आपल्याच श्वासाची, स्वयंपाकाची वाफ गार पत्र्याला लागते आणि छतावरून थेंब गळतात. म्हणून अस्तर पत्र्याला घट्ट चिकटलेलं हवं, मधे फट नको. फवारून फुगणारा फोम त्यासाठी घेतात. समोरासमोर दोन खिडक्या आणि छताला वारा ओढणारा पंखा. सौर पॅनेल छताला चिकटवायचं नाही, लोखंडी घोडीवर वीतभर उंच बसवायचं. त्याचीच सावली पडते, मधून वारा वाहतो. आपल्या जुन्या घरांत कौलाखाली माळा असायचा, त्याचंच हे रूप.

छपरावर सहा पॅनेल सहज बसतात, प्रत्येकी चारशे वॅट धरलं तर दोन हजार चारशे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी नऊ-दहा युनिट वीज मिळावी. फ्रीज, दोन पंखे, दिवे, लॅपटॉप, पाण्यातले जंतू वाढवून बघायचा इनक्युबेटर, छोटा पंप, हे सगळं चार युनिटांत भागतं. विजेच्या शेगडीला दोन. एसी लावला तर हिशेब कोसळतो, म्हणून एसी नाही. इथं आमच्या घरची रीत उपयोगी पडली. सूर्यास्ताच्या आत जेवायचं, म्हणजे चूल दिवसा पेटणार, ऊन असतानाच. रात्रीसाठी बॅटरीत साठवायचं ते फक्त दिवा, पंखा आणि यंत्रांपुरतं. जड लेड बॅटऱ्यांचं ओझं निम्म्यावर आलं. अक्का म्हणाली, "आमच्या आईला सोलर म्हाईत न्हवता, तरी बरोबर करत होती." पावसाळ्यात मात्र दिवसाला दोन-तीन युनिटसुद्धा मिळतील न मिळतील. जून ते सप्टेंबर गॅस लागणार आणि मुक्कामाच्या जागी एखादी विजेची तारही. पूर्ण स्वावलंबन बारा महिने होत नाही. तसं सांगणारा विकायला बसलेला असतो.

स्वयंपाक आणि प्रयोगशाळा यांच्यामधे छतापर्यंत भिंत, आणि दोन्हींना वेगळं दार. तपासणीचं आम्ल आणि आमटीचं मीठ एका फळीवर नको. प्रयोगशाळेच्या बेसिनचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये साठवायचं, कुणाच्या शेतात सोडायचं नाही. संडास कोरडा, राख किंवा लाकडाचा भुसा टाकायचा, लघवी वेगळी काढायची. हे ऐकून भाचीनं नाक मुरडलं. पण ओल आत गेली नाही तर त्याला वास येत नाही, आणि हजारो घरांत तो नीट चालतो.

राहिलं पाणी. छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर पंधरा लिटर जमतं. आमच्याकडं हजार मिलिमीटर सहज पडतो, म्हणजे वर्षाला पंधरा हजार लिटर. ऐकायला भरपूर. पण पडतो चार महिन्यांत, आणि साठवायचा कुठं? एका माणसानं जपून वापरलं तर दिवसाला चाळीस लिटर लागतं. हजार लिटरची टाकी पंचवीस दिवस पुरेल. मिस्त्रींनी लगेच वहीत लिहिलं, हजार लिटर म्हणजे एक टन. सव्वादोन टनांचा डबा, अस्तर-फर्निचर-बॅटऱ्या मिळून दीड टन, वर पाण्याचा एक. भरलेल्या टाकीचं पाणी वळणावर हिसका मारतं. चंदगडचा घाट उतरताना किंवा पुढं कधी चोर्ल्यातून गोव्याकडं जायचं झालं, तर ट्रेलरवाला टाकी रिकामी केल्याशिवाय हलणार नाही. आणि मुक्काम बदलायचा म्हणजे दर वेळी ट्रेलर आणि क्रेन, दोन्हींचं भाडं. फिरतं घर फिरवणं हाच मोठा खर्च आहे. म्हणून मुक्काम दोन महिन्यांऐवजी चार महिन्यांचा झाला आणि तालुके सहावरून तीनवर आले.

भाचीनं शेवटी एकच विचारलं, रात्री बाहेर कुणी आलं तर? त्यावर पोरीनं मुक्कामाची यादी पुढं ठेवली. शाळेचं आवार, दूध डेअरीची जागा, एका ओळखीच्या बाईच्या गोठ्याशेजारची जागा. मोकळं माळरान यादीत नव्हतं. पाटल्यांपैकी दोन मोडायच्या आणि दोन राहू द्यायच्या, हे अक्कानंच सांगितलं.

टाकी तीनशे लिटरची ठरली. बाकीचं पाणी जिथं मुक्काम तिथल्या विहिरीचं. तेच तर तिला तपासायचं आहे.